जिंकणार हे ठाऊकच आहे, मग वाचायचं काय?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भाचा नववीत आहे, सुपरहिरोंचे सिनेमे झाडून सगळे बघून झालेत, वाढदिवसाला त्याला एखादी ग्राफिक कादंबरी, म्हणजे चित्रांच्या चौकटींतून सांगितलेली लांब गोष्ट, द्यायची आहे. घरचे म्हणतात, मारामारीच्या पुस्तकावर एवढे पैसे कशाला? आणि यातलं वाचण्याजोगं कोणतं, नुसतं चकचकीत कोणतं, हे दुकानात उभं राहून कसं ओळखायचं?

घरच्यांचं म्हणणं अगदीच उडवून लावण्यासारखं नाही. या प्रकारातली बहुतेक पुस्तकं सुमार असतात. नायक उडतो, खलनायक अर्धं शहर पाडतो, शेवटी एक जंगी ठोसा. पुढच्या महिन्याचा अंक निघायचाच आहे, तेव्हा नायक मरणार नाही हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण रामनवमीच्या कीर्तनात रावण मरणार हे ठाऊक नसलेला माणूस आपल्या इंदूरच्या रामबागेत शोधून सापडायचा नाही, तरी मंडळी शेवटपर्यंत मांडी मोडत नाहीत. बुवा आख्यान कुठे थांबवतात, कोणाच्या तोंडून बोलतात, यावर सगळी मदार. सुपरहिरोच्या पुस्तकालाही मी हाच निकष लावतो. जिंकणं गृहीत धरल्यावर सांगायला काय उरतं? नायकाच्या ताकदीपुढे जो सुटत नाही असा एखादा पेच त्यात आहे का?

१९७३ सालचा 'अमेझिंग स्पायडरमॅन'चा १२१वा अंक घ्या. खलनायक ग्रीन गॉब्लिन स्पायडरमॅनच्या प्रेयसीला, ग्वेन स्टेसीला, पुलावरून खाली ढकलतो. स्पायडरमॅन जाळं फेकतो आणि ते तिच्या पायाला अचूक चिकटतं. तिला वाचवल्याच्या आनंदात तो स्वतःची पाठ थोपटत तिला वर ओढतो. ती मेलेली असते. मागे जाऊन जाळं चिकटल्याची चौकट पुन्हा बघितली, की तिच्या मानेजवळ बारीक अक्षरांत लिहिलेलं 'स्नॅप' दिसतं. नेम चुकला नव्हता, वेळही चुकली नव्हती. झटक्याने अडवल्यामुळेच मान मोडली, हे पुढे संपादकांनीही वाचकांच्या पत्रांना उत्तर देताना मान्य केलं. पहिल्या वाचनात ते अक्षर बरेच जण ओलांडून जातात. सिनेमात आवाज कानावर आदळतोच, टाळता येत नाही. पुस्तकात तो तुम्हाला शोधावा लागतो, आणि सापडला की पान उलटवत नाही.

यावरून दुसरी गोष्ट निघते. सिनेमा बघून झालेल्या मुलाला पुस्तक द्यायचं, तर ते पानावरच घडणारं हवं. याचं माझ्या मते सर्वांत चोख उदाहरण म्हणजे ॲलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांचं 'वॉचमेन'. १९८६-८७ मध्ये बारा अंकांत आलं, मग एका पुस्तकात बांधलं गेलं. बहुतेक पानं तीन गुणिले तीन, नऊ चौकटींच्या मांडणीवर उभी आहेत. 'धडाम', 'फटाक्' असले आवाज नाहीत, मनातले विचार दाखवणारे ढगही नाहीत. चौथ्या प्रकरणात अफाट शक्ती मिळालेला डॉक्टर मॅनहॅटन मंगळावर एकटा आहे, हातात एक जुना फोटो. भूतकाळ, वर्तमान, भविष्य त्याला एकदमच दिसतं. फोटो आता हातात आहे, बारा सेकंदांनी तो वाळूत पडणार आहे आणि पडलेलाही आहे. आता तुमच्यासमोरचं पान बघा. नऊच्या नऊ चौकटी तुम्हालाही एकाच वेळी दिसताहेत! तुम्ही त्या क्रमाने वाचता, पण पुढची चौकट आधीच छापलेली आहे. त्या माणसाला काय वाटत असेल, हे तुम्हाला कोणी समजावून सांगत नाही. ते तुमच्या डोळ्यांना होतं. आणि पेच बघा कसा: अणूरेणू हलवू शकणारा हा माणूस, पण पुढे काय होणार हे दिसत असूनही त्यातलं तसूभर बदलू शकत नाही. पाचवं प्रकरण तर आरशासारखं रचलंय, पहिल्या पानाची मांडणी शेवटच्या पानाशी जुळते, दुसऱ्याची उपांत्य पानाशी. हे सांगितल्याशिवाय कळलं तर भाचा हुशार आहे म्हणायचं.

पण हे पुस्तक त्याला आत्ता देऊ नका. त्यात बलात्काराच्या प्रयत्नाचा प्रसंग आहे, इतर हिंसाही भरपूर आहे. आधी तुम्ही वाचा, एक-दोन वर्षांनी त्याला द्या.

इथे एक तक्रार नोंदवतो, कारण गिफ्ट शोधताना तुम्ही याच खड्ड्यात पडाल. १९८६ मध्येच फ्रँक मिलरचं 'द डार्क नाइट रिटर्न्स' आलं, म्हातारा होत चाललेला बॅटमॅन, टीव्हीच्या पडद्यांच्या चौकटींनी गजबजलेली पानं. ही दोन पुस्तकं गाजली, आणि पुढे कित्येक वर्षं बाकीच्यांनी त्यांची रचना सोडून फक्त काळोख उचलला. रक्त, शिव्या, दात-ओठ खाणारे नायक, आणि मुखपृष्ठावर 'प्रौढांसाठी'. रक्ताने पुस्तक प्रौढ होत नाही हो. ते प्रौढ होतं ते नायकाला कठीण निर्णय घ्यायला लावून.

आणि त्यासाठी काळोख लागतोच असंही नाही. ग्रँट मॉरिसन आणि फ्रँक क्वाइटली यांचं 'ऑल-स्टार सुपरमॅन' २००५ ते २००८ मध्ये आलं. सुपरमॅनचा जन्म, त्याचा ग्रह फुटणं, पृथ्वीवर येणं, ही आपल्याला तोंडपाठ असलेली कथा पहिल्याच पानावर चार चौकटींत आणि इंग्रजीतल्या आठ शब्दांत उरकलीय. म्हणजे तुम्हाला माहीत असलेल्या गोष्टीत लेखक तुमचा वेळ घालवत नाही. सूर्याची ताकद प्रमाणाबाहेर शोषल्याने सुपरमॅन आता मरणार आहे. हातात थोडे दिवस, कामांची यादी लांबलचक. त्यातच एक पान आहे: उंच इमारतीच्या कडेवर एक मुलगी उडी मारायच्या बेतात उभी. तो तिला झेलत नाही. मागे येऊन उभा राहतो आणि सांगतो, तुझ्या डॉक्टरला यायला खरंच उशीर झालाय, तुला वाटतं त्याहून तू खूप खंबीर आहेस. ती त्याला मिठी मारते. बस, तेवढंच. पर्वत उचलणाऱ्या माणसाने इथे एक बोटही उचलायचं नाही, हे सुचायला लेखक लागतो.

आपल्याकडेही हे अगदी नवं नाही. इंद्रजाल कॉमिक्सच्या अंकांतला वेताळ, म्हणजे फँटम, मराठीतही यायचा. त्याला जादू येत नव्हती, बापाकडून मुलाकडे आलेला मुखवटा आणि 'हा मरतच नाही' ही वदंता, एवढंच त्याचं भांडवल. हिंदीतल्या राज कॉमिक्सचा सुपर कमांडो ध्रुवही असाच, अलौकिक शक्ती काही नाही, सर्कशीत वाढलेला आणि डोक्याने चालणारा. इंदूरच्या बऱ्याच मराठी घरांतली मुलं हे हिंदीतच वाचत मोठी झाली. भाच्याला जुने अंक मिळाले तर जरूर द्या, पण त्यांना कादंबरीची घडण नाही, हेही खरं.

आता दुकानातलं. पुस्तक मधूनच उघडा आणि संवादांचे फुगे हाताने झाका. नुसत्या चित्रांवरून कोण घाबरलंय, कोण खोटं बोलतंय, कोण कुठे उभं आहे हे कळलं, तर चित्रकाराने काम केलंय. मग उलट करा, चित्र झाकून मजकूर वाचा. चित्रात जे दिसतंय तेच फुग्यात पुन्हा बोललं जात असेल, तर खाली ठेवा. आतल्या पानावर श्रेय बघा. चार-पाच चित्रकारांनी मिळून भरलेलं पुस्तक सहसा तुटक असतं. आणि बहुतेक पुस्तकं मासिक अंकांची बांधलेली असल्याने, आधीचे पाच खंड वाचल्याशिवाय ज्याचं डोकं-शेपूट कळणार नाही असं काहीतरी गळ्यात पडण्याची शक्यता फार. एकट्याने पूर्ण होणारं घ्या, किंवा पहिलाच खंड.

भाच्यासाठी माझी निवड विचाराल तर 'ऑल-स्टार सुपरमॅन'. ते फार पुस्तकी वाटलं, तर २०१४ पासूनच्या 'मिस मार्व्हल'चा पहिला खंड: जर्सी सिटीतली कमला खान, पाकिस्तानी घरातली सोळा वर्षांची पोर, शक्ती मिळताच आधी सोनेरी केसांची दुसरीच कोणी होऊन बसते. बाहेर खलनायक, आत आई-वडिलांची बोलणी. आपल्या घरांत हसत वाचलं जाईल. इथल्या खजुरी बाजारात जुनं मिळालं तर किंमत बरीच उतरते, पण पानं उजेडात धरून बघा. चोरून छापलेल्या प्रतींत काळा रंग सगळं गिळून टाकतो आणि फुग्यातली अक्षरं फाटतात, आणि बारीक 'स्नॅप' तर दिसणारच नाही.