बांधी बुडाली तर धानाचं काय करायचं

भाऊ, वैनगंगेचं पाणी उतरताच युरिया फेकायला धावू नको. पाण्याखाली धान लांब झालेलं दिसलं तर तेही चांगलं लक्षण समजू नको. बुडालेल्या रोपाला हवा मिळत नाही, गढूळ पाण्यात ऊनही पोचत नाही. साधे वाण अशा वेळी वर यायला भराभर वाढतात, त्यात साठवलेली साखर संपते आणि पाणी ओसरलं की पानं चिखलावर आडवी होतात.

ओडिशाच्या एफआर १३ए या जुन्या धानात सब१ए नावाचा जनुक आहे. तो बुडाल्यावर वाढच थांबवतो, साखर राखून ठेवतो. तोच स्वर्णा या धानाच्या वाणात आणून २००९ साली स्वर्णा-सब१ आलं. ते पूर्ण बुडून साधारण दोन आठवडे तग धरतं. पण पेरलेलं बी पाण्याखाली उगवायला त्याचा उपयोग नाही, आणि महिनाभर गुडघाभर पाणी साचत असेल तर तिथे दुसरा वाण बघ.

रोवणीला फार कोवळे पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, घेऊ नको, बुडीत ते आधी जातात.

पाणी उतरल्यावर बांधीत लगेच पाय घालू नको. आठवडाभर थांब, मग बुंधा दाबून बघ. कडक लागला आणि मधून नवं हिरवं पान निघत असेल तर रोप जिवंत आहे. पिचपिचीत लागून कुजका वास आला तर गेलं. नवी पानं दिसली की मगच युरियासारखं नत्र दे. मोकळ्या जागी दाट बुंध्यांतले फुटवे काढून लाव.