आधी क्रियापद शोध

प्रिय मित्रा,

इंग्रजीच्या बाराही काळांचे तक्ते पाठ आहेत, तरी इंग्रजी उतारा तिसऱ्या ओळीला हातातून निसटतो, असं लिहिलंस. तक्ते मिटून ठेव आणि वाक्यात काळ दाखवणारं क्रियापद कोणतं, ते आधी शोध.

'द बॉय स्टँडिंग निअर द डोअर नोज द आन्सर.' तू 'स्टँडिंग'ला क्रियापद धरलंस आणि 'नोज'पाशी अडलास. वाक्य कालचं करून बघ. 'नोज'चं 'न्यू' होतं, 'स्टँडिंग' तसंच राहतं. बदललं ते क्रियापद. 'स्टँडिंग' नुसतं धातुसाधित, म्हणजे क्रियापदापासून बनलेला पण काळ न दाखवणारा शब्द. आता विचार, उत्तर कोणाला माहीत आहे? 'बॉय' हा कर्ता. मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून आपण शेवटापर्यंत थांबतो. इंग्रजीत ते कर्त्यामागोमाग येतं, आणि मध्ये शब्द घुसले की आपण फसतो. 'द लिस्ट ऑफ बुक्स आर' हे त्यातूनच आलं. 'बुक्स' जवळ आहे, पण कर्ता 'लिस्ट', म्हणून 'इज'.

'हाउएव्हर'च्या दोन्ही बाजूंना स्वल्पविराम देऊन तू दोन वाक्यं जोडलीस. पुन्हा तेच सांगतो, क्रियापदं मोज! काळ दाखवणारी दोन असतील तर एक सांधा हवा, तीन असतील तर दोन. 'बट', 'बिकॉज', 'हू', अर्धविराम हे सांधे आहेत. 'आय नो ही केम'मध्ये 'दॅट' लपलेला आहे, तोही धर. 'हाउएव्हर' हे क्रियाविशेषण आहे, ते सांधत नाही. त्याच्याआधी पूर्णविराम किंवा अर्धविराम दे.

हा माझा हट्ट तुला जुनाट वाटेल. वाटू दे. कर्ता-क्रियापद सापडल्याशिवाय परिच्छेदाची वीण दिसत नाही, आणि आम्ही शिकवणाऱ्यांनी तक्ते आधी हाती दिले ही चूकच झाली.

पॅसिव्ह, म्हणजे कर्मणी प्रयोग, टाळायचा, असं कोण म्हणालं तुला? 'अ लेटर केम ऑन मंडे. द लेटर वॉज रिटन बाय अ क्लर्क.' पत्र वाचकाच्या ओळखीचं झालं म्हणून 'अ'चा 'द' झाला, आणि पॅसिव्हमुळे ते वाक्याच्या तोंडाशी राहिलं. नवा माणूस, क्लर्क, शेवटी आला. पुढचं वाक्य 'द क्लर्क'ने उचलता येतं. 'अ' की 'द', हे आर्टिकल एकट्या वाक्यात शोधशील तर चुकशील, मागचं वाक्य बघ.

रोज एकच परिच्छेद घे, सहा-सात वाक्यांचा. क्रियापदांखाली दोन रेघा, कर्त्याखाली एक, सांध्यांभोवती गोल. शेवटी प्रत्येक वाक्याचं तोंड मागच्या कोणत्या शब्दाला धरून आहे, तिथे बाण काढ. पहिले पाच परिच्छेद मला पाठव, अर्थ लिहू नकोस.