वाचकांचे प्रश्न : प्रकाशमान जिवाणूंचा ऑक्सिजन

प्रश्न : समुद्रातील प्रकाशमान जिवाणू चंबूतील द्रवात वाढवून चंबू स्थिर ठेवला, तर थोड्याच वेळात खालचा द्रव काळोखा होतो आणि पृष्ठभागालगतचा पातळ थर तेवढा उजळ राहतो. चंबू हलवताच सगळा द्रव पुन्हा उजळतो. यावरून प्रकाश हा त्यांच्या श्वसनाचाच भाग आहे, असे समजावे का? ऑक्सिजन कमी होऊ लागल्यावर श्वसन आणि प्रकाश एकाच वेळी मंदावतात का?

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे, परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष थोडा दुरुस्त करावा लागेल. प्रकाश आणि श्वसन यांना एकच ऑक्सिजन लागतो आणि दोहोंना लागणारे इलेक्ट्रॉनही अन्नातूनच येतात, तरी त्या दोन वेगळ्या प्रक्रिया आहेत. श्वसनात हे इलेक्ट्रॉन पेशीपटलातील वाहकांच्या साखळीतून पुढे सरकत अखेर ऑक्सिजनपर्यंत पोहोचतात, ऑक्सिजनचे पाणी होते आणि वाटेत मुक्त झालेल्या ऊर्जेचा काही भाग पेशी एटीपी या ऊर्जावाहक रेणूच्या रूपाने साठवते. प्रकाशनिर्मितीत ल्युसिफरेज हे विकर (एन्झाइम) क्षपणित, म्हणजे इलेक्ट्रॉन मिळालेले, फ्लेविन हे सहायक द्रव्य, ऑक्सिजन आणि लांब साखळीचे एक अल्डिहाइड यांना एकत्र आणते. अल्डिहाइडचे मेदाम्ल होते, ऑक्सिजनचा एक अणू त्या मेदाम्लात आणि दुसरा पाण्यात जातो, आणि मोकळी झालेली ऊर्जा सुमारे ४९० नॅनोमीटर तरंगलांबीच्या निळसर-हिरव्या प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडते. या मार्गाने पेशीला एटीपी मिळत नाही. उलट अल्डिहाइड तयार करण्यासाठी तिला एटीपी खर्च करावे लागते.

प्रकाशाला हवा लागते, ही गोष्ट ऑक्सिजनचा शोध लागण्याच्या शंभरहून अधिक वर्षे आधी ठाऊक झाली होती. रॉबर्ट बॉइल यांनी १६६० च्या दशकात चमकणारे कुजके लाकूड आणि चमकणारे मासे हवापंपाच्या काचपात्रात ठेवले, तेव्हा हवा काढताच प्रकाश मावळत गेला आणि ती पुन्हा आत सोडल्यावर परत आला. लाकडावरचा प्रकाश कवकांचा आणि माशांवरचा जिवाणूंचा असतो, हा भेद पुढे कळला. पण मूळ निरीक्षण आजही तितकेच खरे आहे.

आता आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे वळू, कारण माझ्या मते या विषयातील सर्वांत उद्बोधक भाग तोच आहे. ऑक्सिजन कमी होत गेला तरी दोन्ही प्रक्रिया बऱ्याच खालच्या पातळीपर्यंत जवळजवळ पूर्ण वेगाने चालू राहतात. त्यानंतर प्रथम श्वसनाचा वेग घटतो, तर प्रकाश मात्र आणखी काही काळ टिकून राहतो आणि ऑक्सिजन जवळजवळ संपल्यावरच झपाट्याने उतरतो. याचे एक कारण असे की, ल्युसिफरेज अत्यल्प ऑक्सिजनही पकडू शकते. दुसरे कारण असे की, श्वसनसाखळी अडखळली की पेशीत क्षपणित रेणू साचू लागतात आणि ल्युसिफरेजला लागणाऱ्या फ्लेविनचा पुरवठा कमी पडत नाही. श्वसनसाखळीतील सायटोक्रोम ही इलेक्ट्रॉनवाहक प्रथिने सायनाइडने रोखली, तरी ल्युसिफरेजचा ऑक्सिजन वापर बराचसा चालू राहतो. याच गुणाचा उपयोग करून १९८६ साली दोन जातींत प्रकाशासाठी खर्च होणाऱ्या ऑक्सिजनचा अंदाज बांधण्यात आला : व्हिब्रिओ हार्वेयीमध्ये एकूण वापराच्या १२ टक्क्यांहून कमी आणि व्हिब्रिओ फिशरीमध्ये २० टक्क्यांहून कमी. वरच्या मर्यादा म्हणून पाहिले तरी हे आकडे मोठे आहेत. ज्या कामातून एटीपी मिळत नाही, त्यावर पेशी इतका ऑक्सिजन घालवू शकते, ही गोष्ट मला फार विलक्षण वाटते.

म्हणूनच, चंबूतील खालचा द्रव काळोखा झाला याचा अर्थ तेथील ऑक्सिजन केवळ घटला असा नसून तो जवळजवळ संपला असा घ्यावा. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या समुद्राच्या पाण्यात हवेतील ऑक्सिजन जास्तीत जास्त प्रतिलिटर सुमारे ७ मिलिग्रॅम विरघळतो आणि द्रवात दाट वाढलेले जिवाणू तो काही मिनिटांतच संपवू शकतात. वरून नवा ऑक्सिजन झिरपतो खरा, पण पाण्यातील त्याचा प्रसार हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट मंद असल्याने तो वरच्या थरातच वापरला जातो. खालचे जिवाणू मात्र मेलेले नसतात. शर्करा उपलब्ध असल्यास ते किण्वनावर (ऑक्सिजनविना शर्करेच्या विघटनावर) जगतात, फक्त तेव्हा प्रकाश देत नाहीत. चंबू हलवताच ते उजळतात आणि पहिला क्षणभराचा झोत पुष्कळदा नेहमीपेक्षा तेजस्वी असतो, कारण ऑक्सिजन नसताना क्षपणित फ्लेविन आणि ल्युसिफरेज यांची सज्ज जोडी साचून राहिलेली असते.

प्रश्न : असे असेल तर प्रकाश मोजून जिवाणूंचे श्वसन किती चालू आहे हे सांगता येईल का?

उत्तर : थेट नाही. पाण्यातील विषारीपणा तपासण्यासाठी व्हिब्रिओ फिशरीच्या प्रकाशात होणारी घट मोजतात आणि त्यासाठी आयएसओ ११३४८ हे आंतरराष्ट्रीय मानकही आहे. पण ती घट श्वसनात, फ्लेविनच्या पुरवठ्यात, अल्डिहाइडच्या निर्मितीत किंवा खुद्द ल्युसिफरेजमध्ये आलेल्या बिघाडाने होऊ शकते. नमुन्यातच ऑक्सिजन नसेल तर निर्धोक पाणीही विषारी भासेल, म्हणून ही चाचणी करताना ऑक्सिजन पुरेसा आहे याची खात्री करून घेणे अत्यावश्यक आहे. याउलट प्रकाश टिकून आहे म्हणून श्वसनही पूर्ण वेगाने चालू आहे, असे मानणेही वरील कारणांमुळे चुकीचे ठरेल.

प्रश्न : प्राण्यांच्या शरीरात राहणाऱ्या प्रकाशमान जिवाणूंना ऑक्सिजन कोण पुरवतो?

उत्तर : यजमान प्राणीच. हवाईजवळच्या समुद्रातील युप्रिम्ना स्कोलोपीस या छोट्या स्क्विडच्या प्रकाशअवयवात व्हिब्रिओ फिशरी दाटीने राहतात आणि तेथे ऑक्सिजन पुष्कळदा अपुरा असतो. अवयवातून काढून त्यांना मोकळी हवा दिली असता त्यांचा प्रकाश वाढू शकतो. याशिवाय, या जिवाणूंतील आर्क-ए हे नियामक प्रथिन पेशीतील क्षपणाची स्थिती ओळखणाऱ्या यंत्रणेचा भाग असून ते प्रकाशाच्या जनुकांना आवर घालते. त्यामुळे ऑक्सिजनचा परिणाम केवळ चालू अभिक्रियेच्या वेगापुरता मर्यादित राहत नाही, तर ल्युसिफरेज मुळात किती तयार होईल यावरही होतो. तो सर्व जातींत सारखा नसतो : काही जातींत कमी ऑक्सिजनमध्ये वाढ मंदावते, पण ल्युसिफरेजची निर्मिती जोमाने चालू राहते, तर इतर काहींत वाढीबरोबर तीही घटते.