पाय थांबतील तिथे कोड

दुकान, मंडळ, सोसायटी, क्लास अशा निरनिराळ्या ठिकाणांहून क्यूआर कोडबद्दल आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : ठाण्यात जांभळी नाक्याजवळ मसाल्याचं दुकान आहे. पैशांचा कोड गल्ल्यावरच्या काचेखाली ठेवलाय. दुपारनंतर गिऱ्हाइकं 'स्कॅन होत नाही' म्हणतात आणि मागे खोळंबा होतो. स्टिकर बदलू का?

स्टिकर नको, आधी जागा बदला. तक्रार दुपारनंतरचीच आहे, म्हणजे तिरकं ऊन काचेवर पडतंय. चार वाजता गिऱ्हाईक उभं राहतं तिथे जाऊन स्वतःचा कॅमेरा कोडवर धरा. पडद्यावर कोडच्या मधोमध पांढरा डाग दिसला की कारण सापडलं. संध्याकाळी तेच काम ट्यूबलाइट करते. शिवाय आडव्या काचेवर फोन धरायला माणूस वाकतो आणि त्याचीच सावली कोडवर पडते.

कोड उभा करा, किंचित मागे कललेला. चकचकीत लॅमिनेशन किंवा अॅक्रिलिकचा स्टँड टाळून मॅट लॅमिनेशन घ्या. जागा निवडताना गिऱ्हाइकाची नजर कुठे असते ते पाहा. मसाल्याच्या दुकानात ती काट्यावर असते, तेव्हा कोड काट्याशेजारी ठेवा.

आकाराचा ढोबळ हिशेब असा: जितक्या अंतरावरून स्कॅन करायचं, त्याचा दहावा भाग कोडची रुंदी. गल्ल्याशी उभा असलेला माणूस फोन अर्ध्या मीटरवर धरतो, त्याला 5 सेंटिमीटर पुरतात. मागच्या रांगेतला दीड मीटरवर असतो, त्याला 15 लागतात. म्हणून दोन कोड ठेवा: छोटा काट्याजवळ, मोठा बाजूच्या खांबावर छातीच्या उंचीला, म्हणजे जमिनीपासून 120 ते 140 सेंटिमीटरवर. त्याच खिळ्याला पिशव्यांचा गठ्ठा अडकवला तर मात्र सगळं मुसळ केरात.

मोठा कोड शटरच्या बाहेर चिकटवू नका. रात्री त्यावर दुसऱ्याच कोणाचा कोड चिकटवून जाणारे भामटे असतात. हुकाला अडकणारी पाटी करा, दुकान वाढवताना आत घ्या. रोज सकाळी कडेवरून नख फिरवा, एकदा स्कॅन करा, आपलंच नाव येतंय ना ते बघा. पैसे आल्याची खात्री आपल्या फोनवर किंवा बोलणाऱ्या डबीवर करायची, गिऱ्हाइकाच्या पडद्यावर नव्हे.

प्रश्न : आमचं गणेशोत्सव मंडळ कोपरीत आहे. गेल्या वर्षी प्रवेशद्वाराच्या फ्लेक्सवर देणगीचा चांगला तीन फुटी कोड छापला, मधोमध बाप्पाचं चित्र. कोणी स्कॅनच केलं नाही. कुठे चुकलं?

प्रवेशद्वारावर मागून रेटा असतो. एका हातात पोर, दुसऱ्या हातात हार. खिशातून फोन काढणार कोण आणि कशाने? चपलांच्या स्टँडजवळही नको, तिथे माणूस वाकलेला असतो. प्रसादानंतर तर नकोच, तळहात चिकट असतो. रांग जिथे वळते आणि दोन-तीन मिनिटं तुंबते, त्या वळणाच्या कठड्याच्या पलीकडे कोड लावा. दुसरा पावतीच्या टेबलावर, लोकांच्या बाजूला तोंड करून. तीन फुटांची गरजच नाही. वळणावर अंतर मीटर-दीड मीटर असतं, तिथे 20 सेंटिमीटर भरपूर झाले.

आता छपाईचं. फ्लेक्स सैल पडला की त्याला पोट येतं आणि कोडच्या रेघा वाकतात. कोड वेगळ्या सनबोर्डवर, म्हणजे फोमच्या कडक पाटीवर, छापून फ्लेक्सवर पक्का करा. मंडपातला हॅलोजन मागून असेल तर उजेड फ्लेक्समधून आरपार येतो आणि काळा रंग करडा होतो. दिवा समोरून, वरच्या बाजूने हवा.

कोडला चुकांची भरपाई करता येते, म्हणजे त्याचा काही भाग झाकला किंवा बिघडला तरी तो वाचला जातो. किती भाग, त्याच्या चार पातळ्या आहेत: एल, एम, क्यू आणि एच, साधारण 7, 15, 25 आणि 30 टक्के. चित्र घालायचं तर एच पातळी निवडा. पण तीस टक्के सुटतात म्हणून तीस टक्के झाकू नका. सुरकुती, धूळ आणि गुलालालाही त्यातलाच वाटा लागतो. चित्राची बाजू कोडच्या बाजूच्या पाव भागाएवढीच ठेवा, म्हणजे क्षेत्रफळ सहा टक्क्यांच्या आसपास राहतं. तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन ही कोडची खूण आहे, त्यांना हात लावायचा नाही. चारही बाजूंनी निदान चार घरांइतकी (घर म्हणजे कोडमधला एक बारीक चौकोन) कोरी पट्टी सोडा. डेकोरेटर हमखास तिथेच तोरणाची नक्षी आणतात.

भगव्यावर पिवळा कोड उत्सवाला शोभतो, पण फोन रंग बघत नाही, उजळ आणि गडद यांतला फरक बघतो. नमुन्याचा कृष्णधवल फोटो काढा. त्यात कोड पुसट दिसला तर छपाईला देऊ नका. आणि कोड मंडळाच्या खात्याचाच असू द्या. स्कॅन केल्यावर खजिनदाराचं नाव आलं की माणूस फोन परत खिशात ठेवतो, आणि बरोबरच करतो.

प्रश्न : खारघरच्या आमच्या सोसायटीत तक्रार नोंदवायचा कोड लिफ्टमध्ये लावावा असं सभेत ठरलं. योग्य आहे का?

लिफ्ट हा लोखंडी डबा. कोड वाचला जाईल, पण पान उघडायला लागणारं नेटवर्क तिथे मिळेलच असं नाही. तळघरातल्या पार्किंगचीही तीच गत. लिफ्टची वाट बघत लोक बटणाजवळ उभे राहतात, तिथे भिंतीवर लावा. मजल्यागणिक वेगळा कोड केलात तर तक्रार कुठल्या मजल्यावरची ते आपोआप कळेल.

प्रश्न : घोडबंदर रोडला क्लास आहे. रिक्षांच्या मागच्या बाजूला कोड लावायचा विचार आहे.

मागून येणारा दुचाकीवाला चालवता चालवता स्कॅन करणार? तो कायद्याने गुन्हा आहे, आणि तुमच्या जाहिरातीपायी कोणी पडायला नको. तीच रिक्षा आतून वापरा. चालकाच्या पाठीमागे, प्रवाशाच्या समोर. कापूरबावडीहून कासारवडवलीला जाणारा वाहतुकीत अडकलेला प्रवासी याहून निवांत कुठे मिळणार? अंतर 60-70 सेंटिमीटर, म्हणजे हिशेबाने 7 सेंटिमीटर पुरतात. हादऱ्यांमुळे 10 धरा. आडव्या नळीवर गुंडाळून नको, सपाट पट्टीवर. चालकाची परवानगी घ्या. रस्त्यालगतच्या खांबांवर चिकटवायच्या फंदात पडू नका. विनापरवानगी जाहिरातींसाठी विद्रूपीकरण प्रतिबंधाचा 1995 चा कायदा आहे.

प्रश्न : नेरूळला खानावळ आहे. मेनूचा कोड छापलेले कागद टेबलांवर ठेवले. काही फोनवर वाचतच नाही, आणि आता तर कोणाच्याच फोनवर पान उघडत नाही. असं का?

दोन वेगळे आजार आहेत. पहिला लांबलचक लिंकचा. मजकूर वाढला की कोडमधली घरं वाढतात. लहान लिंक 29 गुणिले 29 घरांत बसते; शेपूट लावलेली लांब लिंक 57 गुणिले 57 पर्यंत सहज जाते. 4 सेंटिमीटरच्या कोडमध्ये पहिल्याचं एक घर जवळपास 1.4 मिलिमीटरचं, दुसऱ्याचं 0.7 चं. त्यावर रश्श्याचा एक थेंब पडला की जुन्या कॅमेऱ्याचे हाल. लिंक छोटी करा.

दुसरा आजार फुकट मिळालेल्या 'डायनॅमिक' कोडचा. त्यात तुमचा पत्ता नसतो; कोड देणाऱ्या कंपनीचा असतो आणि तिथून पुढे पाठवलं जातं. मोफत मुदत संपली, पुढचा रस्ता बंद. छापलेला कोड दुरुस्त होत नाही. स्वतःच्या वेबसाइटच्या पत्त्याचा साधा कोड काढा. मेनू बदलायचा तर त्याच पत्त्यावरचं पान बदला.

कागद टेबलावर मोकळे नकोत, पाण्याच्या जगाखाली जातात. टेबलाच्या भिंतीकडच्या बाजूला, ताटांच्या वर, मॅट लॅमिनेशन करून उभे लावा. कडा पाव इंच जास्त ठेवून सील करा, नाहीतर पावसाळ्यात ओल आत शिरते. आणि एक छापील मेनू गल्ल्यावर ठेवाच, फोनची बॅटरी संपलेल्यालाही भूक लागते.

प्रश्न : दुकानाचा कोड व्हॉट्सअॅपच्या स्टेटसला ठेवला तर?

बघणाऱ्याच्या हातात तोच फोन असतो, तो कोडसमोर धरायला दुसरा आणणार कुठून? तिथे लिंक किंवा फोन नंबर टाका.