वाचकांचे प्रश्न : डबल किकची नुसती घरघर का होते?

प्रश्न : खोली 10 बाय 12 फुटांची, भिंती उघड्या, खाली टाइल्स. सध्या सबवूफरवाला (बेससाठी वेगळा स्पीकर असलेला) साउंडबार आहे. डेथ मेटल संगीत लावलं की डबल किकचे (दोन्ही पायांनी वाजवलेल्या मोठ्या ड्रमचे) ठोके सुटे ऐकू येत नाहीत, सगळी घरघर होते. चांगल्या बेससाठी टॉवर (जमिनीवर उभे राहणारे उंच) स्पीकर घ्यावेत का? – एक वाचक, पुणे

उत्तर : बेस तुमच्याकडे आत्ताच भरपूर आहे, तो वेळेवर थांबत नाही, हे खरं दुखणं. 200 बीपीएमच्या (मिनिटाला 200 बीट) गाण्यात ड्रमर बीटला चार ठोके मारत असेल, तर सेकंदाला 13 ठोके पडतात, म्हणजे दोन ठोक्यांत जेमतेम 75 मिलिसेकंद. आता खोली पाहा. समोरासमोरच्या भिंतींमुळे 10 फुटांच्या बाजूला साधारण 56 हर्ट्झ आणि 12 फुटांच्या बाजूला 47 हर्ट्झचा आवाज फुगतो. किक ड्रमचा दणका नेमका तिथेच असतो. काँक्रीटच्या उघड्या खोलीत हा घुमारा 300 मिलिसेकंद सहज रेंगाळतो. पहिला ठोका विरायच्या आत पुढचे तीन-चार त्यात बुडतात. टॉवर आणलेत तर हीच घरघर आणखी मोठ्याने ऐकाल.

साडेसहा इंची वूफरचे (बेस वाजवणाऱ्या मोठ्या पडद्याचे) बुकशेल्फ, म्हणजे छोटे स्पीकर घ्या. बिनपोर्टचं (हवा जायला भोक नसलेलं), बंद कॅबिनेट मिळालं तर उत्तम. त्याचा बेस कमी खोल जातो, पण लवकर थांबतो. बाजारात बहुतेक मॉडेलं पोर्टवाली असतात. त्यांच्या पोर्टमध्ये स्पंजचा बोळा बसवा; गुंडाळलेला पायमोजाही चालतो. स्पीकर मागच्या भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे आणि कोपऱ्यापासून लांब ठेवा. तुम्ही बसल्यावर ट्वीटर (वरच्या पट्टीचा आवाज देणारा छोटा भाग) कानाच्या पातळीत यायला हवा, म्हणजे जमिनीपासून साधारण तीन फूट. स्टँडचे पैसे बजेटमध्ये आधीच धरा.

मेटलमध्ये रिदम गिटार बहुधा दोनदा वाजवून एक पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे ठेवलेली असते. म्हणून दोन स्पीकर आणि तुमची खुर्ची यांचा समभुज त्रिकोण जमवा. खुर्ची मागच्या भिंतीला टेकवू नका, खोलीच्या अगदी मधोमधही नको. आणि अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवण्याच्या भानगडीत पडू नका. 50 हर्ट्झची लाट जवळजवळ 7 मीटर लांब असते, तिला पुठ्ठ्याचं काय! त्यापेक्षा जुनी कापसाची गादी गुंडाळून कोपऱ्यात उभी केलीत तर थोडा तरी फरक पडेल.

दुकानात स्वतःची गाणी घेऊन जा आणि मुद्दाम हळू आवाजात लावा. किकचा ‘टक्’ 2 ते 4 किलोहर्ट्झमध्ये असतो. तो आणि बेस गिटार हळू आवाजातही वेगवेगळे कळले पाहिजेत. मग अर्धा तास ऐका. पहिल्या गाण्यात चकचकीत वाटलेले झांजांचे आवाज पुढे कान टोचायला लागतात.

प्रश्न : माझा अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर) 25 वॉटचा आणि स्पीकर 100 वॉटचे, तरी ट्वीटर जळला. कमी वॉटचा अ‍ॅम्प सुरक्षित नाही का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाही. अ‍ॅम्पची ताकद संपली की लाटेचे माथे कापले जातात, त्यातून वरच्या पट्टीचे नको ते स्वर तयार होतात आणि ते ट्वीटरवर जातात. त्यात मेटलची रेकॉर्डिंग बहुधा इतकी दाबलेली (हळू आणि मोठ्या आवाजातला फरक कमी केलेली) असतात की ट्वीटरला गार व्हायला उसंतच मिळत नाही.

वॉटच्या आधी सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक वॉटला स्पीकर किती आवाज देतो, ते वाचा. 86 डेसिबलचा स्पीकर 1 वॉटला 1 मीटरवर तेवढा आवाज देतो. अडीच मीटरवर 8 डेसिबल कमी होतात, दोन स्पीकरमुळे 3 परत मिळतात. दर 3 डेसिबलला वॉट दुप्पट. म्हणजे 16 वॉटला तुमच्या कानाशी सुमारे 93 डेसिबल. तिथून पुढे 25 वॉटच्या अ‍ॅम्पकडे शिल्लक फारशी नाही. 89-90 डेसिबलचे स्पीकर किंवा खरा 60 ते 80 वॉट आरएमएसचा (सतत देता येणाऱ्या ताकदीचा) अ‍ॅम्प घ्या. खोक्यावरचा पीएमपीओ हा फुगवलेला आकडा वाचूच नका. कानांचंही पाहा : 94 डेसिबलला दिवसाला एक तास ही मर्यादा धरतात.

प्रश्न : फ्लॅटमध्ये सबवूफर ठेवावा का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : पाच तारांच्या बेस गिटारचा खालचा बी हा स्वर 31 हर्ट्झवर असतो, तो हवाच असेल तर ठेवा. क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा आवाज सबवूफरकडे जातो ती सीमा) 80 हर्ट्झला लावा, खाली जाड फोम घाला. पण स्लॅबमधून जाणारी धडधड फोमने पूर्ण थांबत नाही, तेव्हा रात्री दहानंतर हेडफोन.