मावशीला विचारा : पंगत कोणी मोडली?

*या सदरातली उत्तरं ठाण्याच्या चरईत राहणाऱ्या, सरकारी रुग्णालयातून निवृत्त झालेल्या एका परिचारिकेची. पत्रं थोडक्यात दिली आहेत.*

प्रिय मावशी, आमच्या पाळकसाहेबांनी उपदेशात सांगितलं की सगळी माणसं एकाच देवाची लेकरं, जग हे एकच घर. घरी आल्यावर माझे दीर म्हणाले, योहानाचं शुभवर्तमान उघड, पहिल्याच अध्यायात आहे, ज्यांनी ख्रिस्ताला स्वीकारलं त्यांनाच देवाची मुलं होण्याचा अधिकार मिळाला. मग आमच्या मजल्यावरचे शेजारी, ज्यांच्याकडे आम्ही दर दिवाळीला फराळाला जातो, ते आमचे भाऊबंद की नाहीत? – एक सून, ऐरोली

तुझ्या दिरांनी वचन चुकीचं सांगितलेलं नाही. फक्त तेवढं एकच वाचून पुस्तक मिटलं.

लूकचा तिसरा अध्याय काढ. तिथे येशूची वंशावळ आहे, ती आपण सगळे कंटाळून ओलांडतो. मत्तयाची वंशावळ अब्राहामापासून सुरू होते, म्हणजे यहुद्यांच्या मूळपुरुषापासून. लूक मात्र येशूपासून मागे मागे जातो, अब्राहामापाशी थांबत नाही, नोहाच्याही पलीकडे जातो आणि शेवटी लिहितो की शेथ आदामाचा आणि आदाम देवाचा. म्हणजे येशूचं नातं सांगताना त्याने अख्ख्या मानवजातीला भावकीत घेतलं. मत्तयही काही कमी नाही. त्याने त्या यादीत रूथचं नाव घातलं. रूथ मवाबी. मवाब्यांना दहाव्या पिढीपर्यंत परमेश्वराच्या मंडळीत घेऊ नका, असं जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकात लिहिलेलं आहे, आणि हीच बाई दाविदाची पणजी.

पुढे प्रेषितांच्या कृत्यांत सतराव्या अध्यायात प्रेषित पौल अथेन्समध्ये उभा आहे. समोर बसलेल्यांपैकी कोणाचाही बाप्तिस्मा झालेला नाही. तरी तो त्यांना सांगतो की देवाने एकापासून सगळी राष्ट्रं घडवली, आणि त्यांच्याच ग्रीक कवीचा दाखला देतो : आपण त्याचीच संतती. हे तो विश्वास ठेवण्याआधीच्या माणसांना म्हणतो आहे, ते लक्षात घे. जन्माने मिळालेलं नातं एक, आणि त्या बापाला ओळखून त्याच्या घरात राहायला येणं दुसरं. योहान दुसऱ्याबद्दल बोलतो. त्याने पहिलं रद्द होत नाही.

वॉर्डात असताना एका पेशंटच्या काकांनी रक्ताच्या पिशवीकडे बघून मला विचारलं होतं, "सिस्टर, हे कोणाचं आहे?" मी म्हटलं, "बी पॉझिटिव्हचं." त्यांना जे विचारायचं होतं ते मला कळलं होतं, आणि मला कळलं हे त्यांनाही कळलं. पिशवी लागली, पेशंट घरी गेला. पौलाचं ते वाक्य वाचताना मला हे काका हटकून आठवतात.

हा पेच आपल्याकडे नवा नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा. मिशनमध्ये इतकी वर्षं काढल्यावर 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. ख्रिस्ताला मानणारे, बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. तेव्हाही पुष्कळांनी नाकं मुरडली. दोन वर्षांत टिळक गेले आणि दरबार फारसा पुढे गेला नाही, पण प्रश्न त्यांनी बरोबर ओळखला होता.

राहिले तुझे शेजारी. "माझा शेजारी कोण?" हा प्रश्न लूकच्या दहाव्या अध्यायात एका शास्त्र्याने विचारलेला आहे, आणि त्याला हवी होती यादी. येशूने यादी दिली नाही. यहुदी ज्यांना परके मानत, त्यांतल्या एका शोमरोन्याने जखमी वाटसरूला उचलल्याची गोष्ट त्याने सांगितली आणि उलट त्यालाच विचारलं की शेजारी झाला कोण. दिरांना एवढंच विचार. आणि फराळाला जाताना रिकाम्या हाताने जाऊ नकोस, नाताळचा केक तर त्यांच्याकडे पाठवतेसच ना?

प्रिय मावशी, आम्ही मराठी ख्रिस्ती, मुलगी महापेला नोकरी करते. तिला आवडलेला मुलगाही मराठी ख्रिस्ती, एकाच मंडळीतला. बोलणी ठरायच्या वेळी त्यांच्या मोठ्या काकांनी विचारलं, "तुम्ही मूळचे कोण?" मी सांगितलं. नंतर निरोप आला की घरात चालणार नाही. मी चार पिढ्यांचा ख्रिस्ती. मग आपण देवळात 'एक शरीर' म्हणतो ते कोणत्या तोंडाने? – एक वडील, कळवा

भाऊ, सलाम. तुमचं पत्र पूर्ण छापलं नाही, कारण त्यात काही नावं होती. पण वाचलं सगळं.

मी नगर जिल्ह्यातली. आमच्यात हा प्रश्न सरळ कोणी विचारत नाही. आधी आडनाव. त्यावरून उलगडा झाला नाही तर गाव. मग "कोणत्या मिशनचे?" मिशन सांगितलं की साधारण अंदाज येतो, आणि चहाचा कप खाली ठेवताना समोरच्याचा चेहरा बदलतो. हे सगळं अतिशय गोड बोलून चालतं. लग्नाच्या जाहिरातीत 'ख्रिस्ती, पण मूळ अमुक' असं छापून येतं आणि ते लोक दर महिन्याच्या प्रभुभोजनाला एकाच भाकरीचा तुकडा घेतात. सरकारी कागदाची तऱ्हा आणखी वेगळी. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला, 1956 मध्ये त्यात शीख आले, 1990 मध्ये बौद्ध. ख्रिस्ती दलित आजही बाहेर. कागद म्हणतो तुमच्यात जात नाही, मुलाचे काका म्हणतात आहे. मधल्यामध्ये मार खातो तो तुमच्यासारखा माणूस, दोन्हीकडून.

आता तुमचा खरा प्रश्न. 'कोणत्या तोंडाने' याचं उत्तर गलतीकरांच्या पत्रात दुसऱ्या अध्यायात आहे आणि ते फार अवघड जागेचं दुखणं आहे. अंत्युखियात यहुदी आणि परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेले, विश्वासणारे एकत्र जेवत होते. येशूचा शिष्य पेत्रही त्यांच्यात बसत होता. मग यरुशलेमहून याकोबाकडची काही माणसं आली. ती आल्यावर पेत्र हळूच मागे सरला, वेगळा बसू लागला. त्याचं बघून बाकीचे यहुदी उठले, बर्णबासुद्धा. लक्षात घ्या, पेत्राचा विश्वास बदलला नव्हता. ज्या देवाने यापोत त्याला दृष्टांत दाखवून, मी शुद्ध केलेल्याला तू अपवित्र म्हणू नकोस असं बजावलं, तो देव तोच होता. कैसरियाला कर्नेल्य या परराष्ट्रीय माणसाच्या घरी पेत्र राहूनही आला होता. शिकवण तोंडपाठ होती. पंगत मात्र मोडली, आणि ती कशाने, तर पाहुणे काय म्हणतील या भीतीने. पौल तसं स्पष्टच लिहितो, तो भ्याला म्हणून.

त्या मुलाचे काका मला त्या यरुशलेमच्या पाहुण्यांपेक्षा पेत्रासारखे जास्त वाटतात. त्यांना वचन माहीत आहे. त्यांना त्यांच्या भावकीची भीती वाटते. 'यहुदी नाही, हेल्लेणी (म्हणजे ग्रीक) नाही, दास नाही, स्वतंत्र नाही' हे वचन त्याच पत्रात, अवघ्या एका अध्यायानंतर येतं, हे फार कमी उपदेशांत सांगतात. ते वाक्य भिंतीवर टांगण्यासाठी लिहिलेलं नव्हतं. जेवणाच्या जागेवरून झालेल्या भांडणातून ते आलं.

लक्ष्मीबाई टिळकांना सोवळं सोडायला किती वर्षं लागली ते मराठी वाचकाला माहीत आहे. नवरा ख्रिस्ती झाला तरी त्यांनी लगेच कोणाच्या हातचं पाणी घेतलं नाही, आणि ते त्यांनी लपवलंही नाही. मला त्यांचा तो प्रामाणिकपणा आपल्या आजच्या गोडबोल्यांपेक्षा हजारपट बरा वाटतो.

आता काय करायचं. मध्यस्थांमार्फत निरोप पाठवणं बंद करा. निरोपात माणूस धीट होतो. पाळकसाहेबांना आणि दोन्ही घरांना एका खोलीत बसवा, आणि काकांना त्यांचं कारण सगळ्यांसमोर मोठ्याने सांगू द्या. पौलाने पेत्राला सर्वांदेखत विचारलं होतं, मागच्या दाराने नव्हे. 'आमच्यात चालत नाही' हे वाक्य पाळकांच्या समोर उच्चारणं जड जातं, अनुभवाने सांगते. आणि बोलायचं मुलाने. तुम्ही नाही, तुमच्या मुलीनेही नाही. तो गप्प बसला, तर तुम्हाला कळायचं ते कळेल आणि लग्नाआधीच कळेल. मूळ लपवून, गाव बदलून सांगून जुळवण्याचा सल्ला तुम्हाला कोणीतरी दिलाय, तो ऐकू नका. दोघं सज्ञान आहेत. ख्रिस्ती विवाहाचा 1872 चा कायदा वधूवरांचं मूळ विचारत नाही, आणि काकांची सहीही मागत नाही.

मावशी, तलावपाळीजवळचं जुनं चर्च पोर्तुगीज काळातलं आहे असं आम्हाला सांगितलं. म्हणजे ठाण्यात ख्रिस्ती माणूस पोर्तुगिजांबरोबर आला का? माझा मित्र म्हणतो, "तुमचा धर्मच बोटीतून आला." – एक विद्यार्थी, ठाणे पश्चिम

बोटीतून आला हे खरं, पण मित्र समजतो त्या बोटीतून नव्हे. पोर्तुगिजांना वसई मिळाली 1534 मध्ये. त्याच्या दोनशेहून जास्त वर्षं आधी, एप्रिल 1321 मध्ये, ठाण्यात फ्रान्सिस्कन या कॅथलिक संघाचे चार साधू मारले गेले. तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर हे इटलीतले, आणि चौथा दिमित्रियस तिफ्लिसचा, आजच्या जॉर्जियातला. ते उतरले होते ठाण्यातल्याच एका पूर्व सिरियन ख्रिस्ती कुटुंबात. म्हणजे त्यांच्या आधीच इथे ख्रिस्ती घरं होती. रोमच्या पोपच्या दृष्टीने हे यजमान पाखंडी, तरी त्यांनी पाहुण्यांना जागा दिली.

पुढची हकीगत ओडोरिक नावाच्या साधूने लिहून ठेवली. यजमानाच्या घरात नवरा-बायकोचं भांडण झालं, नवऱ्याने बायकोला मारलं. सकाळी ती काझीकडे दाद मागायला गेली. पुरावा काय, असं विचारल्यावर तिने सांगितलं, घरात साधू आहेत, त्यांना विचारा. साधूंना बोलावलं गेलं, बोलणं धर्मावर गेलं, वाद पेटला आणि शेवट त्यांच्या मृत्यूत झाला. त्यांचा सोबती जॉर्डन तेव्हा बाहेरगावी होता. त्याने परतून त्यांना सोपाऱ्यात पुरलं. नंतर ओडोरिक आला, त्यांच्या अस्थी घेऊन समुद्रमार्गे थेट चीनपर्यंत गेला.

ही कथा मुसलमान वस्तीच्या मुंब्र्याकडे बोट दाखवायला वापरणारे लोक मला भेटलेत. त्यांना मी ओडोरिकच्याच वृत्तांताचा पुढचा भाग सांगते : ही बातमी कळल्यावर दिल्लीच्या मुसलमान सुलतानाने त्या ठाण्याच्या अधिकाऱ्याला धरून आणून देहदंड दिला, आणि काझी पळून गेला. मला मात्र जास्त टोचते ती वेगळीच गोष्ट. चौघांची नावं, गावं, सगळं नोंदलं गेलं. थॉमसला 1894 मध्ये 'धन्य', म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित केलं. मार खाऊन न्याय मागायला गेलेल्या त्या ठाणेकर बाईचं नाव कुठेही नाही. तिच्या तक्रारीचा निकाल काय लागला, हेसुद्धा कोणी लिहिलं नाही. मी रात्रपाळीला अशा बायकांच्या कपाळाला टाके घातले जाताना शेजारी उभी राहिले आहे. 'जिन्यावरून पडले' असं म्हणायच्या. मानवजात एक कुटुंब, असं म्हणताना कुटुंबात काय काय चालतं तेही धरूनच म्हणावं.

मित्राला एवढं सांग, आणि तुझ्याकडून चहा पाज.

आमच्या एकाच देवळात सकाळी मराठी, मग मल्याळम, मग तमिळ आणि संध्याकाळी हिंदी उपासना होते. कोणी कोणाला ओळखत नाही, भांडण फक्त पार्किंगवरून होतं. एकत्र उपासना घ्यायची ठरलं तर 'कोणत्या भाषेत' यावरच तीन बैठका झाल्या. – एक सचिव, नेरूळ

सगळ्या भाषांत. पेन्टेकॉस्टच्या दिवशी, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला तेव्हा, जमलेल्या प्रत्येकाला आपापल्या भाषेत ऐकू आलं होतं, पवित्र आत्म्याने एक संपर्कभाषा ठरवण्यासाठी उपसमिती नेमली नव्हती. 'प्रभूची प्रार्थना' प्रत्येकाने स्वतःच्या भाषेत, एकाच वेळी, मोठ्याने म्हणा. शब्द एकमेकांत अडकतील, गलका होईल, शेवटच्या 'आमेन'ला सगळे एकत्र पोचतील. वचन वाचन दोन भाषांत पुरे. उपदेश पंधरा मिनिटांचा ठेवा, म्हणजे अनुवाद धरून अर्धा तास.

1970 मध्ये नागपुरात उत्तर भारताच्या मंडळीसाठी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) सहा वेगवेगळ्या परंपरा एकत्र आल्या, तेव्हा त्यांच्यात बाप्तिस्मा लहानपणी की मोठेपणी यावरसुद्धा मतभेद होते. दोन्ही पद्धती ठेवल्या आणि पुढे गेले. तुमचा वाद त्या मानाने पार्किंगएवढाच आहे.

जेवणाची पाकिटं मात्र मागवू नका. पाकीट घेऊन माणूस गाडीत बसतो. स्वयंपाक देवळाच्या आवारातच करा, मासळीचं मल्याळम मंडळीकडे द्या, सांबार तमिळांकडे, भाकऱ्या आपल्या बायकांकडे, आणि कांदा चिरायला चारही मंडळ्यांचे पुरुष. वाढपी आपापल्या मंडळीला वाढणार नाहीत, एवढा एकच नियम करा. आणि गाड्या त्या दिवशी स्टेशनजवळ लावून चालत या.