वाचकांचे प्रश्न : जंगलाची माती, पाचोळा आणि मुरणारं पाणी

प्रश्न : आमच्या देवराईत कितीही जोराचा पाऊस झाला तरी जमिनीवरून पाणी वाहताना दिसत नाही. शेजारच्या माळावर मात्र पाच मिनिटांत गढूळ लोट सुरू होतात. खडक तोच, मातीही तीच. मग फरक कशाचा? (भोर तालुक्यातील वाचक)

फरक वरच्या चार बोटांचा आहे. माळावर थेंब थेट मातीवर आपटतो. ढेकळांचे बारीक कण सुटतात, पाण्याबरोबर छिद्रांत जाऊन बसतात आणि बघता बघता वर एक-दोन मिलिमीटर जाडीची पापडी धरते. खालची माती कोरडी असली तरी त्या पापडीतून पाणी उतरत नाही. देवराईत थेंबाचा मार पाचोळा सोसतो, त्यामुळे पापडी धरतच नाही.

दुसरं कारण छिद्रांच्या आकारात आहे. अरुंद नळीतून किती पाणी जाईल हे तिच्या व्यासाच्या चौथ्या घातावर ठरतं. म्हणजे १ मिमी रुंदीच्या भोकातून ०.१ मिमीच्या भोकाच्या १०,००० पट पाणी जातं. कुजलेल्या मुळांच्या जागी राहिलेल्या नळ्या, गांडुळांची आणि वाळवीची बिळं ही असली मोठी भोकं. संख्येने ती थोडी असतात, पण धो धो पावसात खरं काम तीच करतात. गुरांच्या खुरांखाली आणि वाहनांच्या चाकांखाली सगळ्यात आधी मिटतात तीही हीच. म्हणून देवराईतून एक पायवाट रुंद झाली की तिच्या कडेने घळ पडायला वेळ लागत नाही.

हे घरी तपासता येतं. दोन्हीकडची हरभऱ्याएवढी ढेकळं सावलीत पूर्ण वाळवा आणि पाण्याच्या ग्लासात अलगद सोडा. माळावरचं ढेकूळ सहसा एक-दोन मिनिटांत फिसकटतं. देवराईतलं बराच वेळ आकार धरून राहतं, कारण बुरशीचे धागे आणि सूक्ष्मजीवांचा चिकट पदार्थ कणांना बांधून ठेवतात.

मुरण्याचा वेग मोजायचा असेल तर १५ सेंमी व्यासाचा, १२-१५ सेंमी उंचीचा लोखंडी पाइपचा तुकडा घ्या. पाचोळा हाताने बाजूला करा, पाइपवर लाकडी फळी ठेवून हातोडीने तो ७ सेंमी आत ठोका आणि आतल्या कडेची माती बोटाने दाबून घ्या. आत प्लॅस्टिकचा कागद अंथरा, ४४० मिली पाणी ओता, कागद ओढून काढा आणि घड्याळ लावा. एवढं पाणी म्हणजे २.५ सेंमी पाऊस. पहिल्यांदा मुरायला लागलेला वेळ सोडून द्या, कारण कोरडी माती पाणी ओढून घेते. लगेच दुसऱ्यांदा तेवढंच पाणी ओता आणि तो वेळ धरा. १० मिनिटं लागली तर वेग तासाला १५० मिमी, दोन तास लागले तर तासाला साडेबारा मिमी. एका जागेवरून निष्कर्ष काढू नका, कारण पाइपखाली एखादं बीळ आलं तर आकडा अवाच्या सवा येतो आणि दगड आला तर जवळपास शून्य. किमान पाच जागा घ्या आणि सरासरीऐवजी मधला आकडा धरा. पाइपच्या बाहेरची माती ओली दिसली तर कडेने गळती आहे, ती जागा रद्द करा.

एक लक्षात असू द्या. श्रावण उजाडेपर्यंत उथळ मातीची छिद्रं भरून गेलेली असतात. तेव्हा देवराईतही पाणी वाहू शकतं, पण ते बहुधा नितळ असतं.

प्रश्न : आमच्या खासगी जंगलातल्या मातीचा अहवाल आला. सामू (पीएच) ५.४, सेंद्रिय कर्ब (कार्बन) २.८ टक्के, पण स्फुरद (फॉस्फरस) ‘अत्यंत कमी’. चुना आणि सुपर फॉस्फेट टाकावं का? (कुडाळ तालुक्यातील वाचक)

दोन्ही टाकू नका. अहवालातले शेरे शेतातल्या पिकांसाठी ठरवलेले असतात, जंगलासाठी नाहीत.

कोकणातल्या मुसळधार पावसाने लाखो वर्षांत मातीतलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, पालाश (पोटॅशियम) आणि बरीचशी सिलिकासुद्धा धुऊन नेली. मागे राहिले ते लोह आणि ॲल्युमिनियमचे ऑक्साइड. जांभा तयार झाला तो असाच. हे ऑक्साइड स्फुरद घट्ट धरून ठेवतात. त्यामुळे माती तपासली की उपलब्ध स्फुरद कमीच दिसणार, आणि वरून टाकलेलं खतही बऱ्याच अंशी तिथेच अडकणार. जंगलातली झाडं स्फुरद मिळवतात ते कुजणाऱ्या पाचोळ्यातून आणि मुळांवरच्या बुरशीच्या मदतीने. पान गळायच्या आधी त्यातला बराच स्फुरद फांदीत परत ओढूनही घेतात. चुना टाकला की सामू चढतो, सूक्ष्मजीवांचा वेग वाढतो आणि साठलेला कर्ब झपाट्याने जळू शकतो. ज्या मातीची सगळी श्रीमंती त्या कर्बात आहे, तिच्याशी हा खेळ करायचा नाही.

श्रीमंती म्हणण्याचं कारण असं. मातीचे कण पालाश, कॅल्शियम वगैरे मूलद्रव्यं विजेच्या भाराने धरून ठेवतात. देशावरच्या काळ्या मातीतली चिकणमाती हे काम भरपूर करते. जांभ्याच्या मातीत मुख्यतः केओलिनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज असतं आणि त्याची धारणक्षमता काळ्या मातीतल्या चिकणमातीच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याएवढी. त्यामुळे कोकणात धरून ठेवण्याचं बहुतेक काम ह्यूमसकडे, म्हणजे पूर्ण कुजलेल्या सेंद्रिय पदार्थाकडे येतं. तो गेला की पोषकद्रव्यं पहिल्या पावसात ओढ्याला.

नमुना कसा घेतला होता तेही पाहा. पाचोळा बाजूला करून ०-१५ आणि १५-३० सेंमीचे नमुने वेगळे घ्यायचे आणि सावलीत वाळवायचे. अर्धवट कुजलेला पाला नमुन्यात आला तर कर्ब फुगतो. कर्बाला १.७२४ ने गुणलं की सेंद्रिय पदार्थ मिळतात, तुमच्याकडे सुमारे ४.८ टक्के.

हेक्टरी साठा काढताना मोठी चूक होते ती दगडांची. वरच्या १५ सेंमीत, १ ग्रॅम प्रति घनसेंमी घनता धरली तर हेक्टरी १,५०० टन माती भरते आणि २.८ टक्क्यांनी ४२ टन कर्ब. पण प्रयोगशाळा फक्त चाळलेली माती तपासते. तुमच्या जमिनीत आकारमानाने ४० टक्के दगड असतील तर खरा साठा २५ टनांच्या आसपास.

प्रश्न : वणव्यानंतर गवत हिरवंगार येतं. मग राख खतच नाही का? (एक वाचक, आंबेगाव)

थोडे दिवस. राखेत पालाश आणि कॅल्शियम असतात, सामू जरा वाढतो, म्हणून नवे फुटवे जोमाने येतात. पण नत्राचं (नायट्रोजनचं) काय होतं? साधारण २०० अंश सेल्सियसपासून सेंद्रिय नत्र हवेत जायला लागतो आणि ५०० अंशांच्या वर निम्म्याहून जास्त जातो. उरलेली राख उतारावर उघडी पडलेली असते. मार्चमध्ये वणवा लागला आणि जूनच्या पहिल्या वळिवाने झोडपलं की राखेबरोबर वरची मातीही वाहून जाते.

नुसत्या गवताची आग झटकन पुढे सरकते, मातीत उष्णता फार खोल जात नाही. पाचोळ्याचे ढीग आणि पडलेले ओंडके तासन्‌तास धुमसतात तिथे जास्त नुकसान होतं. तिथे मेणचट वाफा खाली जाऊन मातीच्या कणांवर थिजतात आणि पाणी न शिरणारा थर तयार होतो. राख फुंकून दूर करा आणि मातीवर पाण्याचा थेंब ठेवा. पाच सेकंदांनंतरही थेंब गोल उभा असेल तर थर झालाय. वर दिसला नाही तर दोन सेंमी खरवडून पुन्हा पाहा, बऱ्याचदा तो थोडा खाली असतो. अशा जागी पावसाआधी फांद्या समतल रेषेत आडव्या टाका आणि गुरं जाऊ देऊ नका.

प्रश्न : भात तरव्याच्या राबासाठी (रोपांची जागा पाला जाळून भाजण्यासाठी) देवराईतला पाला आणला तर चालेल का? (महाड)

नाही, तो पाचोळाच तिथली माती सांभाळतो. राबाला बांधावरचा गिरिपुष्प वापरा. त्याचा पाला नत्राने समृद्ध असतो, लवकर कुजतो आणि जाळायची गरज पडत नाही. हिरवा पालाच चिखलात गाडा.

प्रश्न : मी अमेरिकेत न्यू हॅम्पशायरला राहते. इथल्या जंगलात पानांचा थर काही इंच जाड आहे आणि उकरलं की खाली राखाडी माती, तिच्याखाली तांबूस-तपकिरी. सह्याद्रीत असं कधी पाहिलं नाही. का?

आपल्याकडे पानगळ उन्हाळ्यात होते आणि लगेच चार महिने ऊब आणि ओल दोन्ही मिळतात. दिवाळीपर्यंत बराचसा पाचोळा ओळखू येत नाही. तुमच्याकडे थंडीमुळे कुजणं मंद आणि वर्षानुवर्षांचा थर साचलेला. त्यातून झिरपणारं आम्लयुक्त पाणी लोह, ॲल्युमिनियम विरघळवून खाली नेतं. वर उरते फिकट राखाडी वाळू आणि नेलेला माल खाली तांबूस थरात जमतो. अशा मातीला पॉडझॉल म्हणतात.

तुमच्याच राज्यातल्या हबर्ड ब्रूक जंगलात १९५५ पासून पाणलोटांचा अभ्यास चालू आहे. तिथे १९६५ च्या अखेरीस एका छोट्या पाणलोटातली सगळी झाडं तोडून जागेवर पडू दिली आणि पुढचे तीन उन्हाळे तणनाशकाने काहीच उगवू दिलं नाही. ओढ्याचं वार्षिक पाणी पहिल्या वर्षी ३९ टक्क्यांनी वाढलं. पण पाण्यातलं नायट्रेट पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेपलीकडे गेलं आणि कॅल्शियमही वाहून जाऊ लागलं. कुजणं चालूच होतं, सुटलेला नत्र उचलायला मुळं नव्हती. तिथेच १९९९ मध्ये दुसऱ्या पाणलोटावर हेलिकॉप्टरने कॅल्शियम सिलिकेट टाकलं, कारण आम्लपावसाने मातीतलं कॅल्शियम झिजलं होतं.

तुम्हाला एक विनंती. हिमयुगानंतर तुमच्या भागातल्या जंगलांत मूळची गांडुळं नव्हती. बाहेरून आलेली गांडुळं तो जाड थर फस्त करतात आणि त्यावर वाढणारी रोपं संपतात. इकडे गांडूळ चांगलं म्हणून बागेतलं गांडूळखत तिथल्या रानात टाकू नका.

प्रश्न : डोंगरावर पाच हजार झाडं लावणार आहोत. गावचा झरा मेपर्यंत टिकेल ना? (अकोले तालुक्यातील वाचक)

खात्री देता येत नाही, आणि कुणी दिली तर विश्वास ठेवू नका. झाडं पाणी मुरवतात तशी पितातही. उथळ मातीवर दाट लावलेली, झपाट्याने वाढणारी झाडं पहिली बरीच वर्षं झऱ्याचं पाणी कमीही करू शकतात. फायदा होतो तो माती इतकी बिघडलेली असेल की मुरण्यातली वाढ पिण्यापेक्षा जास्त भरते तेव्हा. म्हणून आधी वर सांगितलेली पाइपची चाचणी करा. माती आधीच चांगली मुरवत असेल तर चराई आणि वणवा थांबवणं पुरेसं, गवत आणि झुडपं आपोआप येतील.

शिवाय झऱ्याचं पाणी नेमकं कुठून येतं ते पाहा. आपल्या बेसाल्टमध्ये पाणी भेगाळ किंवा सच्छिद्र थरातून आडवं चालतं आणि खालचा घट्ट खडक किंवा दोन थरांमधली लाल माती लागली की कड्यात बाहेर पडतं. थर किंचित कललेले असतील तर तुमच्या झऱ्याचं पाणी डोंगराच्या पलीकडच्या अंगावर मुरत असेल, आणि झाडं अलीकडे लावून काहीच हाती लागणार नाही. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयातल्या भूवैज्ञानिकाला जागेवर बोलवा.

आणि या ऑक्टोबरपासूनच मोजायला लागा. झऱ्याच्या तोंडाशी नळीचा तुकडा चिखलाने बसवा, सगळं पाणी त्यातूनच येतंय ना बघा, १० लिटरची बादली भरायला लागणारे सेकंद तीनदा मोजा. २५ सेकंद लागले तर मिनिटाला २४ लिटर, दिवसाला सुमारे ३४,५०० लिटर. दर पंधरवड्याला, सकाळी, उपसा सुरू होण्याआधी नोंद करा आणि शेजारी त्या वर्षीचा पाऊस लिहा. लागवडीआधीची किमान दोन वर्षांची नोंद नसेल तर पुढे झरा वाढला तो झाडांमुळे की चांगल्या पावसामुळे, हे सांगता येणार नाही.